त्रिकोणमितीसाठी ट्यूटर कसा शोधायचा आणि तो बरा आहे हे कसं ओळखायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मुलगी बाकी गणितात बरी आहे पण त्रिकोणमिती सुरू झाल्यापासून मार्क घसरलेत, परीक्षेला तीनेक महिने आहेत, घरी कुणालाच साईन-कॉस आठवत नाही, तर खाजगी ट्यूटर कुठे शोधायचा, ऑनलाइन घ्यायचा की समोर बसून, आणि आपल्याला विषय येत नसताना तो नीट शिकवतोय की नाही हे कळणार कसं. मी बरीच वर्षं हा विषय शिकवतोय, वर्गातही आणि एकेकट्या मुलांनाही, म्हणून जरा सविस्तरच लिहितो. यातला शेवटचा प्रश्न खरा महत्त्वाचा आहे. बहुतेक पालक तो विचारतच नाहीत, ते डिग्री काय, अनुभव किती आणि फी किती एवढं विचारून मोकळे होतात.

ट्यूटर शोधायला लागण्याआधी एक संध्याकाळ काढा आणि मुलीच्या वह्या आणि तपासलेले पेपर घेऊन तिच्याबरोबर बसा. विषय येत नसला तरी चालेल, तुम्हाला उत्तरं तपासायची नाहीयेत, गाडी नेमकी कुठल्या ओळीवर घसरते तेवढंच बघायचंय. कारण "त्रिकोणमिती जमत नाही" असं सांगत येणाऱ्या कितीतरी मुलांना खरं तर त्रिकोणमिती अडलेलीच नसते. टॅन ३०, टॅन ६० च्या किमती बरोबर टाकलेल्या असतात आणि मग १/√३ + √३ अशी बेरीज समोर येते, तिथे छेद समान करायचा असतो, उत्तर ४/√३ यायला हवं, आणि वहीत भलतंच काहीतरी असतं. किंवा सिद्धतेत (१ − कॉस थीटा)(१ + कॉस थीटा) दिसलं (थीटा हे नुसतं कोनाचं नाव) की त्याचं १ − कॉस स्क्वेअर थीटा होतं हे डोळ्याला दिसतच नाही, कारण अवयव पाडण्याचा सराव दोन वर्षांपूर्वीच सुटलाय. अशा मुलीला त्रिकोणमितीचा भारी ट्यूटर लावून काही उपयोग नाही, तो बिचारा आयडेंटिटी, म्हणजे कुठल्याही कोनाला खरी ठरणारी सूत्रं, शिकवत बसेल आणि ती पुढच्या पेपरात पुन्हा अपूर्णांकातच मार खाईल. हा प्रकार असेल तर तसं ट्यूटरला आधीच सांगा, पहिले दोन-तीन आठवडे करणी (√३ सारख्या मुळाच्या संख्या), अपूर्णांक आणि अवयव यांनाच द्यावे लागतील, आणि ते ऐकून जो नाक मुरडेल त्याला घेऊ नका.

दुसरा प्रकार आकृतीचा. मनोऱ्याची, झाडाच्या सावलीची, दीपगृहावरून दिसणाऱ्या जहाजाची गणितं असतात ना, त्यात उन्नत कोन, म्हणजे वर बघताना नजरेचा होणारा कोन, आडव्या रेषेपासून मोजायचा असतो आणि मुलं तो उभ्या रेषेपासून मोजतात. अवनत कोनाचं, म्हणजे खाली बघतानाच्या कोनाचं, तर विचारू नका, तो हमखास दीपगृहाच्या भिंतीला चिकटवलेला असतो, म्हणजे आकृतीत ६० च्या जागी ३० होतो, आणि त्यापुढचं सगळं गणित सुवाच्य अक्षरात, स्टेप बाय स्टेप, आणि पूर्ण चुकीचं! वहीत आकृत्या आहेत की नाहीत हेही बघा. शाब्दिक गणितं आहेत आणि आकृतीच नाही असं दिसलं तर निम्मं निदान तिथेच झालं.

तिसरा प्रकार जरा खोल आहे. साईन म्हणजे काय (काटकोन त्रिकोणात कोनासमोरची बाजू भागिले कर्ण) हेच डोक्यात बसलेलं नसतं. साईन हा एखादा आकडा आहे आणि तो कोनाला गुणलाय अशी समजूत असते, त्यामुळे साईन (अ + ब) म्हणजे साईन अ + साईन ब, किंवा साईन ३० जर १/२ तर साईन ६० दुप्पट म्हणजे १, असं अगदी आत्मविश्वासाने लिहिलेलं सापडतं. खरी किंमत √३/२ म्हणजे साधारण ०.८६६. जरा वरच्या वर्गात गेल्यावर साईन इन्व्हर्स आणि १ भागिले साईन हे एकच समजणं, साईन स्क्वेअर थीटा आणि थीटा स्क्वेअरचा साईन यांची गल्लत करणं, हे सगळं याच समजुतीचं पुढचं पिल्लू. यासाठी मात्र खरंच चांगला शिक्षक लागतो, आणि एकास एक शिकवणीचा सगळ्यात जास्त फायदा इथेच होतो, कारण चाळीस मुलांच्या वर्गात एकेकाच्या डोक्यात नेमकं काय शिरलंय ते बघत बसायला शिक्षकाला वेळ नसतो.

आणि एक प्रकार सिद्धतेचा. 'सिद्ध करा' आलं की मुलं दोन्ही बाजू एकदमच उलट्यापालट्या करतात, तिरकस गुणाकार करतात, शेवटी १ = १ आलं की खूष. जे सिद्ध करायचंय ते आधीच खरं धरून चालल्यावर दुसरं काय येणार? साईन थीटा भागिले (१ − कॉस थीटा) हे (१ + कॉस थीटा) भागिले साईन थीटा इतकं आहे असं दाखवायचं असेल तर डावी बाजू धरायची, वर-खाली (१ + कॉस थीटा) ने गुणायचं, खाली साईन स्क्वेअर थीटा होतो, एक साईन कापला जातो, संपलं. पण (१ + कॉस थीटा) नेच का गुणायचं हे सुचणं हा सरावाचा भाग आहे, तो एका दिवसात येत नाही, आणि या प्रकारच्या अडचणीला ट्यूटरपेक्षा नियमित तपासून मिळालेल्या सिद्धतांचा जास्त उपयोग होतो असं माझं मत आहे.

आता ट्यूटर कुठे शोधायचा. सगळ्यात आधी शाळेतल्या गणिताच्या शिक्षकांना विचारा. शिकवणीला घ्या म्हणून नव्हे, त्यांच्या मते मुलगी कुठे अडते आणि आसपास कोण चांगलं शिकवतं एवढंच विचारा, त्यांना बहुतेक वेळा माहीत असतं. मग एक वर्ष पुढे असलेल्या मुलांचे पालक, आणि त्यांना "क्लास चांगला आहे का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात, "तुमचा मुलगा आता एकटा बसून गणितं सोडवतो का" असं विचारा, उत्तर लगेच वेगळं मिळेल. कॉलेजात गणित किंवा इंजिनिअरिंग शिकणारी मुलं हा माझ्या मते दुर्लक्षित पर्याय आहे, विशेषतः वर सांगितलेल्या पहिल्या प्रकारासाठी, कारण त्यांना स्वतःला कुठे अडलं होतं ते ताजं आठवत असतं आणि मुलीही त्यांना मोकळेपणाने विचारतात. फक्त त्यांच्या स्वतःच्या परीक्षा कधी आहेत ते आधी विचारून घ्या, नाहीतर ऐन तुमच्या गरजेच्या वेळी ताई किंवा दादा गायब. निवृत्त शिक्षक सिद्धता आणि पेपर मांडणीसाठी उत्तम, कुठल्या स्टेपला मार्क असतात आणि कुठे जातात हे त्यांना पाठ असतं. ऑनलाइन ट्यूटर मिळवून देणाऱ्या साईट्स आहेत, तिथे निवड भरपूर असते पण रेटिंगवर जास्त विश्वास ठेवू नका, पाच स्टार बहुतेकदा गोड बोलण्याला मिळतात.

डिग्रीबद्दल एकच सांगतो. या पातळीच्या त्रिकोणमितीसाठी पीएचडी लागत नाही, आणि पीएचडी असून शिकवता न येणारेही पाहिलेत. विषय पुढे कुठे जातो एवढं मात्र ट्यूटरला ठाऊक असायला हवं. मुलगी अकरावी-बारावीच्या पातळीवर असेल तर काटकोन त्रिकोणातली त्रिकोणमिती पुरत नाही, कारण १५० अंशाचा कोन काटकोन त्रिकोणात बसतच नाही, तरी साईन १५० असतो आणि तो १/२ असतो. तिथे त्रिकोण सोडून युनिट सर्कलवर, म्हणजे त्रिज्या १ असलेल्या वर्तुळावर, यावं लागतं, वर्तुळावरच्या बिंदूचा आडवा निर्देशक म्हणजे कॉस आणि उभा म्हणजे साईन. फोनवर बोलताना ट्यूटरला सरळ विचारा, त्रिकोणाकडून वर्तुळाकडे मुलांना कसं नेता? ज्याने हे खरंच शिकवलंय तो याच्यावर पाच मिनिटं बोलेल, कारण मुलं हमखास अडतात ती जागा हीच आहे. "सिलॅबस पूर्ण करून देतो, काळजी करू नका" असं उत्तर आलं तर पुढचा नंबर फिरवा.

आता डेमो लेक्चर, हा सगळ्यात कामाचा भाग, म्हणून जरा थांबून सांगतो. डेमोला ट्यूटरला त्याच्या आवडीचा टॉपिक शिकवू देऊ नका. आवडीचा टॉपिक सगळेच छान शिकवतात, फळ्यावर दोन आकृत्या, एखादी ट्रिक, मुलगी खूष, पालक खूष. त्याऐवजी मुलीने स्वतः सोडवलेलं आणि चुकलेलं एक गणित द्या आणि तो त्या चुकीचं काय करतो ते शेजारी बसून बघा.

उदाहरणादाखल हे घ्या. २ साईन थीटा कॉस थीटा = साईन थीटा, थीटा ० ते ३६० अंशांच्या मधला, ० धरून आणि ३६० सोडून. मुलीने काय केलंय, दोन्हीकडचा साईन थीटा कापलाय, कॉस थीटा = १/२ आलंय, उत्तर ६० आणि ३००. बघायला एकदम बरोबर. पण खरी उत्तरं चार आहेत, ०, ६०, १८० आणि ३००, दोन कापाकापीत गेली. साधारण ट्यूटर म्हणेल, "असं कापायचं नसतं, सगळं एका बाजूला घे, साईन थीटा कॉमन काढ, लिही," आणि स्वतःच पेन घेऊन लिहून दाखवेल. मुलगी मान डोलावेल. पुढच्या आठवड्यात पुन्हा कापेल. चांगला ट्यूटर आधी विचारेल की तू ही ओळ कशी आणलीस ते सांग. ती सांगेल. मग तो म्हणेल बरं, थीटाच्या जागी ० टाकून मूळ समीकरण तपास. ती टाकेल, डावीकडे ०, उजवीकडे ०, म्हणजे ० हेही उत्तर आहे. मग तुझ्या उत्तरात ते का नाही? इथे थोडा वेळ शांतता असते. ही शांतता जो ट्यूटर सहन करू शकतो तो घ्या! ती स्वतःहून म्हणेल की साईन शून्य असला तर मी शून्याने भागलं की, आणि एकदा हे तिच्या तोंडून आलं की पुन्हा ती आंधळेपणाने कापणार नाही, निदान कापताना हात तरी अडखळेल.

म्हणजे तुम्हाला गणित आलं नाही तरी तीन गोष्टी दिसतातच. पेन कुणाच्या हातात आहे, जास्त कोण बोलतंय, आणि मुलगी अडली की ट्यूटर किती वेळ थांबतो. तासभर पेन ट्यूटरच्याच हातात असेल तर तो तास त्याच्या सरावाचा झाला, तिच्या नाही.

शाब्दिक गणितासाठी दुसरं उदाहरण देऊन बघा. मनोऱ्याच्या टोकाचा उन्नत कोन एका जागेवरून ३० अंश, मनोऱ्याकडे ४० मीटर चालत गेल्यावर ६० अंश, तर उंची किती. सरधोपट रीत म्हणजे दोन टॅन, दोन समीकरणं, उंची २०√३ मीटर, म्हणजे साधारण ३४.६. रीत बरोबरच आहे आणि परीक्षेत तीच लिहायची. पण चांगला शिक्षक सोडवून झाल्यावर आकृतीकडे परत नेतो, म्हणतो बघ, दोन्ही जागा आणि मनोऱ्याचं टोक यांचा जो त्रिकोण होतो त्याचे कोन बघ. ३०, १२० आणि उरलेला ३०. दोन कोन समान म्हणजे समोरच्या बाजू समान, म्हणजे जवळच्या जागेपासून टोकापर्यंतचं अंतर पण ४०, आणि उंची सरळ ४० गुणिले साईन ६०. एका ओळीत. ज्या मुलीला हे दिसतं तिला आकृतीची भीती राहत नाही. आणि सोडवायच्या आधी "साधारण किती येईल असं वाटतं" असं विचारणारा ट्यूटर भेटला तर सोन्याहून पिवळं, कारण ४० मीटर चालून कोन ३० चा ६० झाला तर मनोरा ४०० मीटर असूच शकत नाही हे कळणं म्हणजे अर्ध्या चुका स्वतःच्या स्वतः पकडता येणं.

पाठांतराबद्दल लोक टोकाची मतं ठेवतात. एक पंथ म्हणतो सगळं पाठ करा, दुसरा म्हणतो पाठ काहीच नको, सगळं समजून घ्या. मला दोन्ही पटत नाही. ०, ३०, ४५, ६०, ९० चा तक्ता परीक्षेत झटकन आठवायलाच पाहिजे, तिथे बसून काढायला वेळ नसतो. पण तो तक्ता कुठून आला हे एकदा तरी स्वतःच्या हाताने काढलेलं असावं. समभुज त्रिकोण घ्या, बाजू २, मधोमध उभा चिरा, अर्ध्या भागाच्या बाजू १, √३ आणि २, झाले ३० आणि ६० चे सगळे. चौरस घ्या, बाजू १, कर्ण √२, झाला ४५. तसंच साईन स्क्वेअर अधिक कॉस स्क्वेअर बरोबर १ एवढं एक पक्कं असलं की त्याला कॉस स्क्वेअरने भागून टॅन आणि सेकचं सूत्र मिळतं, साईन स्क्वेअरने भागून कॉट आणि कोसेकचं. म्हणजे तीन सूत्रं पाठ करायची तर एकच करायचं. ट्यूटर पहिल्याच दिवशी चाळीस सूत्रांची झेरॉक्स हातात ठेवून "ही आधी पाठ करून ये" म्हणाला तर मी तरी दुसऱ्या दिवशी मुलीला पाठवणार नाही.

ऑनलाइन की समोरासमोर याचं उत्तर मुलीची वही ट्यूटरला दिसते का यावर आहे, बाकी सगळं दुय्यम. त्रिकोणमितीत चूक आकृतीत आणि मधल्या ओळीत असते, आणि ऑनलाइनला बहुतेक वेळा मुलीचा चेहरा दिसतो, वही दिसतच नाही. ती लिहिते, उत्तर तोंडी सांगते, ट्यूटर बरोबर किंवा चूक म्हणतो. हे चालणार नाही. एक जुना मोबाइल स्टँडवर लावून कॅमेरा सरळ वहीवर ठेवा, किंवा डिजिटल पेन आणि दोघांना एकाच वेळी लिहिता येईल असा व्हाइटबोर्ड वापरा. एवढी सोय असेल तर ऑनलाइन उत्तम, जाण्यायेण्याचा वेळ वाचतो आणि आलेख सरकवून दाखवता येतात. साईनचा आलेख कसा वरखाली होतो आणि कोनाला २ ने गुणलं की लाटा कशा दाटतात हे स्क्रीनवर फळ्यापेक्षा शंभर पटीने बरं दिसतं. घरी येऊन शिकवणार असतील तर दार उघडं असलेल्या खोलीत, घरात मोठं माणूस असताना शिकवणी ठेवा. चांगल्या शिक्षकाला यात काही वावगं वाटत नाही, उलट त्यालाही तेच सोयीचं असतं. ऑनलाइन असलं तरी मुलीने दार लावून बसायची गरज नाही.

आठवड्यातून एकदा दोन तास यापेक्षा दोनदा एकेक तास जास्त चांगलं, मध्ये तिने स्वतः काहीतरी सोडवलेलं असलं पाहिजे. शिकवणीच्या एका तासामागे निदान दोन तास तिचे स्वतःचे हवेत. हे होत नसेल तर जगातला कुठलाही ट्यूटर उपयोगाचा नाही, आणि खरं सांगायचं तर हे व्यवस्थित होत असेल तर काही मुलींना ट्यूटर लागतच नाही.

आता घरच्या घरी तपासायचं कसं. तीन-चार शिकवण्या झाल्या की मुलीला सहज विचारा, परीक्षा घेतल्यासारखं नको, गप्पा मारताना. साईनची किंमत १ पेक्षा जास्त का येत नाही गं? उत्तर असं यायला हवं की साईन म्हणजे समोरची बाजू भागिले कर्ण, आणि काटकोन त्रिकोणात कर्णच सगळ्यात मोठा. त्रिकोण दुप्पट मोठा काढला तर साईन ३० बदलेल का? नाही, कारण त्रिकोण समरूप राहतो, सगळ्या बाजू दुप्पट होतात, गुणोत्तर तेच. ४५ चा टॅन (समोरची बाजू भागिले लगतची, म्हणजेच साईन भागिले कॉस) बरोबर १ का? दोन्ही बाजू सारख्या म्हणून. ९० चा टॅन का नसतो? तिथे कॉस शून्य होतो आणि शून्याने भागता येत नाही. उत्तरं मी देऊनच ठेवलीत, तुम्हाला फक्त ऐकायचंय. ती हे स्वतःच्या शब्दांत, जमल्यास कागदावर आकृती काढून सांगत असेल तर ट्यूटर काम करतोय. "सरांनी सांगितलंय असंच असतं" असं उत्तर आलं तर गोड बोलणारा माणूस पकडलाय तुम्ही.

कॅल्क्युलेटर वापरत असाल तर अजून एक छोटी परीक्षा. मोड अंशांऐवजी रेडियनवर (कोन मोजायचं दुसरं एकक) टाकून तिला साईन ३० काढायला सांगा. उत्तर उणे ०.९८८ येईल. ती दचकली आणि म्हणाली की हे चूक आहे, १/२ यायला हवं, मोड बघू, तर छान चाललंय. तिने ते निमूटपणे वहीत उतरवलं तर ट्यूटरला सांगा, अजून आकड्यांची जाण आलेली नाही, त्यावर वेळ घालवा. काही कॅल्क्युलेटरवर तिसराही मोड असतो, ग्रेडियन, त्यात हेच उत्तर ०.४५४ येतं आणि ते जास्त धोक्याचं कारण खरं वाटतं.

काही गोष्टींवरून लगेच सावध व्हा. मार्कांची गॅरंटी देणारा. शाळेचा गृहपाठ स्वतः सोडवून देणारा, हा तर सगळ्यात वाईट, कारण वही सुंदर दिसते आणि पेपर कोरा येतो. प्रत्येक गणिताला ट्रिक आहे म्हणणारा. पूर्ण वर्षाची फी आधी मागणारा. आणि तुमच्यासमोर मुलीला "इतकं सोपं येत नाही?" असं म्हणणारा. हे शेवटचं वाक्य ऐकलं की मूल प्रश्न विचारायचं थांबतं आणि मग खाजगी शिकवणीचा जो एकमेव मोठा फायदा आहे, की विचारायला लाज वाटत नाही, तोच संपतो.

फीबद्दल, तासाप्रमाणे ठरवा आणि आधी फक्त चार-पाच तासांचंच बोलणं करा, त्यानंतर दोघांनी ठरवायचं पुढे चालू ठेवायचं की नाही. रद्द झालेल्या तासाचं काय, उशीर झाला तर काय, मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर शंकेचा फोटो पाठवला तर चालेल का, हे तेव्हाच बोलून घ्या. शंकेचा फोटो घेणारा ट्यूटर थोडा महाग असला तरी परवडतो. फक्त नियम करा की फोटोत तिने केलेला प्रयत्न दिसला पाहिजे, नुसता प्रश्न पाठवायचा नाही.

तुमच्याकडे तीन महिने आहेत तर मी असं करेन. पहिले पंधरा दिवस वह्यांवरून निदान आणि बीजगणिताची डागडुजी. त्यानंतरचा महिना गुणोत्तरं, तक्ता, आकृत्या, शाब्दिक गणितं. मग सिद्धता, रोज दोन, जास्त नको, पण रोज, आणि ट्यूटरने प्रत्येक तपासून द्यायची. शेवटचे तीन-चार आठवडे जुने पेपर, वेळ लावून, आणि त्या काळात ट्यूटरने नवीन काही शिकवायचं नाही, फक्त तिने सोडवलेले पेपर घेऊन बसायचं आणि प्रत्येक चुकीपुढे ती बीजगणिताची, आकृतीची, समजुतीची की घाईची हे तिच्याकडूनच लिहून घ्यायचं. पहिल्या महिन्याअखेरीस शाळेच्या चाचणीत मार्क वाढले नाहीत तर घाबरून लगेच ट्यूटर बदलू नका, मार्क सगळ्यात शेवटी वाढतात. आधी कोरी सोडलेली गणितं कमी होतात, मग आकृत्या दिसायला लागतात, मग चुका पुढच्या पुढच्या ओळीत सरकतात. यातलं काहीच महिनाभरात वहीत दिसलं नाही तर मात्र बदला, आणि बदलताना नव्या माणसाला तीच वही दाखवा, म्हणजे तो परत पहिल्या धड्यापासून सुरुवात करणार नाही.